मापाचे माप : स्थिर व्होल्टच्या शोधाची दोनशे वर्षे

(थ्रेड)

१/
समजा, एका छोट्या मायक्रोकंट्रोलरला एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर जोडला आहे. हा सेन्सर दर अंश सेल्सिअसमागे १० मिलिव्होल्ट देतो; म्हणजे निरोगी माणसाच्या ३७ अंशांना ३७० मिलिव्होल्ट. सेन्सर निर्दोष आहे, प्रोग्रामच्या गणितातही चूक नाही. तरीही पडद्यावर आकडा उमटतो ३८.६. धडधाकट माणसाला यंत्राने तापकरी ठरवले.

२/
चूक कोठे झाली? मायक्रोकंट्रोलरमधील अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, म्हणजे एडीसी, व्होल्ट मुळात ओळखतच नाही. आलेला विद्युतदाब हा संदर्भ म्हणून दिलेल्या दाबाचा कितवा हिस्सा आहे, एवढेच तो सांगतो. १० बिटांच्या एडीसीत त्या संदर्भाचे १०२४ हिस्से पडतात. प्रोग्रामने संदर्भ ५ व्होल्ट गृहीत धरला होता. यूएसबीच्या तारेतून प्रत्यक्षात ४.७५ व्होल्ट येत होते. ७५ यायच्या जागी आकडा आला ७९. गज आखूड झाला की कापड जास्त भरते, तसेच हे.

३/
ही अडचण नवी नाही. गावागणिक पायली बदलत असे तेव्हा धान्य मोजणाऱ्याला ती ठाऊक होती. आजही दुकानातील वजनावर वैधमापन विभागाचा शिक्का पाहिला जातो. पण लोखंडाचे वजन हातात धरता येते. विद्युतदाबाचे वजन कशाचे करायचे? या एका प्रश्नामागे दोन शतके खर्ची पडली. आज काही रुपयांच्या चिपमध्ये त्याचे जे उत्तर बसवलेले असते, त्याचा हा इतिहास.

४/
प्रारंभ इटलीच्या उत्तरेकडील कोमो येथून. २० मार्च १८०० रोजी अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना एक पत्र लिहिले. चांदी आणि जस्त यांच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे, अशी चळत रचली की वीज अखंड वाहते, असे त्यात म्हटले होते. जगाला विजेचा पहिला सलग स्रोत मिळाला. मात्र या चळतीचा जोर वापरागणिक ओसरत जाई. शक्ती हाती आली होती, माप अद्याप आले नव्हते.

५/
१८३६ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजातील जॉन फ्रेडरिक डॅनियल यांनी तांबे आणि जस्त यांचा दोन द्रवांचा घट तयार केला. तो पूर्वीच्या घटांपेक्षा पुष्कळच स्थिर होता आणि सुमारे १.१ व्होल्ट देई. अर्थात ‘व्होल्ट’ हा शब्द तेव्हा रूढ नव्हता. तारयंत्राचे लोक ‘इतके डॅनियल घट’ अशा भाषेत बोलत. घोड्यांवरून इंजिनाची ताकद सांगावी, तसा तो व्यवहार होता.

६/
१८४१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ योहान पोगेनडॉर्फ यांनी तुलनेची एक उत्तम रीत मांडली. दोन विद्युतदाब समोरासमोर जोडायचे आणि मधल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत समतोल साधायचा. समतोल साधला की मोजल्या जाणाऱ्या घटातून प्रवाह वाहत नाही, त्यामुळे मोजण्याच्या क्रियेनेच घट थकत नाही. बारावीच्या प्रयोगशाळेत लाकडी पाटावर ताणलेल्या लांब तारेवर विद्यार्थी जो पोटेन्शिओमीटर चालवतात, तो याच रीतीचा वंशज.

७/
तुलना साधली, पण तुलना कशाशी करायची? हा प्रश्न टाळण्याची किंमत १८५८ मध्ये कळली. त्या वर्षी ५ ऑगस्टला आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी अटलांटिक महासागराखालची पहिली तार पूर्ण झाली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचायला सुमारे १६ तास लागले. दोन्ही किनाऱ्यांवर उत्सव झाले.

८/
कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस हे मूळचे वैद्यक शाखेचे. संदेश जलद जावा म्हणून त्यांनी तारेला प्रचंड दाब दिला. नंतरच्या अंदाजानुसार तो सुमारे २,००० व्होल्ट होता. तारेचे वेष्टन आधीच सदोष होते. काही आठवड्यांतच तार मुकी झाली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, हे आपल्या नाजूक आरसा-गॅल्व्हानोमीटरच्या साह्याने मोजक्या डॅनियल घटांवर संदेश वाचत होते. दोघांच्या पद्धतींत जमीन-अस्मानाचे अंतर होते, आणि ते सर्वांना समजेल अशा आकड्यात सांगायला मान्यताप्राप्त एकक नव्हते.

९/
या अपयशाची सरकारी चौकशी झाली आणि तिचा अहवाल १८६१ मध्ये आला. त्याच वर्षी मँचेस्टर येथे ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट या दोन तारयंत्र अभियंत्यांनी विद्युत एककांची व्यवस्था लावावी आणि त्यांना शास्त्रज्ञांची नावे द्यावीत, असा प्रस्ताव मांडला. थॉमसन यांच्या पुढाकाराने समिती नेमली गेली. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्यासारखे लोक तिच्या कामात होते. व्होल्टचा आकार असा निवडला गेला की तो डॅनियल घटाच्या जवळपास यावा. १८८१ च्या पॅरिस परिषदेत व्होल्ट, ओहम आणि अँपिअर ही नावे आंतरराष्ट्रीय झाली.

१०/
क्लार्क आणि ब्राइट यांचा भारताशी थेट संबंध होता. १८६४ मध्ये इराणच्या आखातातून कराचीपर्यंत टाकलेल्या तारेचे अभियंते हेच दोघे. तत्पूर्वी १८५९-६० मध्ये तांबड्या समुद्रातून कराचीपर्यंत घातलेली तार पूर्णतः वाया गेली होती. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजाने मुंबईहून एडनच्या दिशेने तार अंथरली आणि मुंबई समुद्रमार्गे लंडनशी जोडली गेली. कापसाचे भाव आणि राज्यकारभाराचे हुकूम या तारांवरून धावू लागले.

११/
समुद्रतळाशी तार कोठे तुटली, हे किनाऱ्यावर बसून विद्युत मोजमापांवरूनच ठरवावे लागे. मोजमापात थोडी जरी चूक झाली तरी दुरुस्तीचे जहाज चुकीच्या जागी गळ टाकत फिरे. अचूक विद्युतमापनाची मागणी प्रथम आली ती विद्यापीठांपेक्षा या व्यवहारातून. डॅनियल घट या कामाला पुरेसा नव्हता. तो वरचेवर नव्याने मांडावा लागे, आणि त्यातील द्रव कालांतराने एकमेकांत मिसळत.

१२/
१८७२ मध्ये लॅटिमर क्लार्क यांनी निराळाच घट पुढे आणला. जस्त, पारा आणि त्यांची सल्फेटे असे त्याचे घटक होते. या घटाने दिवा लावायचा नाही, यंत्र चालवायचे नाही. त्याने केवळ एका ठरावीक दाबावर स्वस्थ उभे राहायचे. शक्ती देण्यासाठी नव्हे, तर साक्ष देण्यासाठी बनवलेला हा घट होता. ‘प्रमाण-घट’ ही कल्पना त्याच्याबरोबर रुजली.

१३/
आता त्या घटाचा दाब नेमका किती, हे ठरवायचे होते. केंब्रिजमध्ये लॉर्ड रॅले आणि एलिनॉर सिजविक यांनी चांदीच्या विद्युत-विश्लेषणावरून प्रवाह मोजून हे काम केले आणि १८८४ मध्ये ते प्रसिद्ध केले. १८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने व्याख्या केली : १५ अंश सेल्सिअसला क्लार्क घटाचा दाब १.४३४ व्होल्ट. पुढच्याच वर्षी अमेरिकेने ती कायद्यात घातली.

१४/
येथे इतिहासाने एक मोलाचा धडा दिला. नंतरच्या काटेकोर मोजमापांत १.४३४ हा आकडा हजारात सुमारे एका भागाने जास्त असल्याचे आढळले. कायद्यात लिहिलेला आकडा चुकीचा होता. तरीही जुनी मोजमापे फुकट गेली नाहीत, कारण घट जागचा हलला नव्हता. आकडा दुरुस्त केला की त्यावर आधारलेली सगळी मोजमापे दुरुस्त करता येत. स्थिर पण चुकीच्या नावाचे माप सुधारता येते. आज बरोबर आणि उद्या वेगळे असलेले माप सुधारायला आधारच उरत नाही.

१५/
क्लार्क घटाची खरी खोड होती तापमानाची. एक अंश वाढला की त्याचा दाब मिलिव्होल्टहून थोडा अधिक उतरे. १५ अंशांवर प्रमाणित केलेला घट ३० अंशांच्या उष्ण खोलीत ठेवला तर फरक एक टक्क्याहून जास्त. इंग्लंडच्या थंडीत जे माप बरे चाले, ते मुंबईच्या उकाड्यात तापमापकाशिवाय निरर्थक ठरावे, अशी ही स्थिती.

१६/
यावर तोडगा काढला एडवर्ड वेस्टन यांनी. जन्माने इंग्रज असलेले वेस्टन १८७० मध्ये अमेरिकेत गेले आणि न्यू जर्सीतील नेवार्क येथे विद्युत उपकरणे बनवू लागले. १८९३ मध्ये त्यांनी जस्ताऐवजी कॅडमियम वापरलेल्या घटाचे पेटंट घेतले. २० अंशांजवळ त्याचा दाब अंशामागे केवळ ४० मायक्रोव्होल्टच्या आसपास बदले. टक्केवारीत पाहता हे क्लार्क घटाच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतके. हा घट सर्वांना बनवता यावा म्हणून वेस्टन यांनी पेटंटवरील हक्क सोडून दिला.

१७/
१ जानेवारी १९११ पासून वेस्टन घट जगाचा प्रमाण-घट झाला. त्याचे मूल्य २० अंशांना १.०१८३ व्होल्ट असे ठरले. इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकाराच्या काचपात्रातला हा घट तेलाच्या स्थिर-तापमान टाकीत देवासारखा जपावा लागे. तो कलंडू द्यायचा नाही, त्याला धक्का लावायचा नाही, त्यातून प्रवाह घ्यायचा नाही. देशोदेशीचे घट पॅरिसजवळच्या सेव्र येथे तुलनेसाठी नेले जात आणि प्रत्येक घटासोबत त्याच्या मूल्याचे प्रमाणपत्र असे. माप आणि मापाची नोंद ही जोडी येथे पक्की झाली.

१८/
पण घटही म्हातारे होतात. निरनिराळ्या देशांचे व्होल्ट हळूहळू एकमेकांपासून सरकत. १९६२ मध्ये केंब्रिजचा २२ वर्षांचा संशोधक-विद्यार्थी ब्रायन जोसेफसन याने गणिताने दाखवले की दोन अतिवाहकांमध्ये अतिशय पातळ विरोधी थर ठेवला, तर त्या जोडावरील विद्युतदाब आणि वारंवारता यांचे नाते केवळ निसर्गाच्या स्थिरांकांवर अवलंबून राहते. धातू कोणता, जोड कोणी बनवला, याने फरक पडत नाही. १९७३ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

१९/
वारंवारता आण्विक घड्याळाने फार काटेकोर मोजता येते. त्यामुळे आता व्होल्टही तसाच मोजता येऊ लागला. १ जानेवारी १९९० पासून सर्व देशांनी एकच स्थिरांक वापरायचे मान्य केले : दर व्होल्टला ४,८३,५९७.९ गिगाहर्ट्झ. २० मे २०१९ रोजी प्लँक स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा प्रभार कायमचे निश्चित झाले, तेव्हा व्होल्ट कोटीत सुमारे एका भागाने सरकला. भारतात हे प्रमाण नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. पुण्या-मुंबईच्या कारखान्यांतील मीटरच्या प्रमाणपत्राची साखळी शोधत गेले तर तेथपर्यंत पोहोचता येते.

२०/
जोसेफसन जोडाला द्रव हेलियमच्या पातळीची थंडी लागते. खिशातल्या मीटरला ती परवडणारी नाही. तेथे कामी आले सिलिकॉन. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमधील दाब अंशामागे सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. उलट, निरनिराळ्या घनतेचा प्रवाह वाहणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांच्या या दाबांतील फरक तापमानाबरोबर वाढतो. घटणारा आणि वाढणारा असे दोन्ही योग्य प्रमाणात बेरजेला घेतले की उष्णतेचा परिणाम जवळजवळ मावळतो आणि सुमारे १.२ व्होल्ट उरतात. ही संख्या सिलिकॉनच्या ऊर्जा-अंतराशी, म्हणजे ‘बँडगॅप’शी, निगडित आहे, म्हणून या मंडलाला बँडगॅप संदर्भ म्हणतात.

२१/
१९६४ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीतील डेव्हिड हिल्बिबर यांनी या मार्गाची दिशा दाखवली. नॅशनल सेमीकंडक्टरचे बॉब विडलर यांनी तो चिपवर उतरवला आणि १९७१ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. १९७४ मध्ये अ‍ॅनालॉग डिव्हायसेसचे पॉल ब्रोकॉ यांनी त्याची सुटसुटीत रचना मांडली. वेस्टन यांनी तापमानाला दाद न देणारे रसायन शोधले होते. या मंडळींनी तापमानाला दाद देणारे दोन दोष एकमेकांविरुद्ध लावून दिले.

२२/
पुढे मायक्रोकंट्रोलरमध्येच एडीसी आला आणि त्याच्या शेजारी हा बँडगॅपही. २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे अर्डुइनोचा जन्म झाला. व्होल्टांचे कोमो येथून फारसे दूर नाही. अर्डुइनोमधील पुढे घरोघरी पोहोचलेल्या एटीमेगा३२८पी या चिपचा एडीसी तराजूसारखा चालतो : आधी संदर्भाच्या अर्ध्याचे वजन टाकून पाहायचे, मग पावाचे, मग त्याच्याही अर्ध्याचे. दहा वजनांत निकाल. संदर्भ निवडायला तीन वाटा असतात : चिपला मिळणारा पुरवठा, आतला १.१ व्होल्टचा बँडगॅप, किंवा बाहेरून दिलेला स्वतंत्र संदर्भ.

२३/
येथे सावध राहावे लागते. तो आतला ‘१.१ व्होल्ट’ कंपनीच्याच माहितीपत्रकाप्रमाणे १.० ते १.२ यांमध्ये कोठेही असू शकतो. मग तो निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. एका विशिष्ट चिपमध्ये तो बराच स्थिर असतो. चांगल्या मीटरने एकदा मोजून खरा आकडा प्रोग्राममध्ये लिहिला की काम भागते. क्लार्क घटाची गोष्ट येथे जशीच्या तशी परत येते. एसटीएम३२ जातीच्या अनेक चिपांत तर कारखान्यातच हे मोजमाप करून आकडा चिपच्या स्मृतीत कोरलेला असतो. वेस्टन घटाचे प्रमाणपत्र आता घटाच्या पोटातच आले.

२४/
प्रत्येक ठिकाणी स्थिर संदर्भच हवा असेही नाही. फिरवायच्या बटणातला रोध किंवा थर्मिस्टरची साखळी जर एडीसीच्याच पुरवठ्यावर जोडली असेल, तर पुरवठा खाली-वर झाला तरी दोन्ही बाजू सारख्याच बदलतात आणि गुणोत्तर अबाधित राहते. ही पोगेनडॉर्फ यांच्या तारेचीच बुद्धी. मात्र एलएम३५ सारखा सेन्सर पुरवठ्याशी नाते न ठेवता थेट मिलिव्होल्ट सांगतो. त्याला यूएसबीच्या तारेवरचे पाच व्होल्ट संदर्भ म्हणून चालत नाहीत. त्याला बँडगॅप हवा किंवा बाहेरचा अचूक संदर्भ हवा. संदर्भ बदलल्यानंतरचे पहिले माप टाकून द्यावे, असे माहितीपत्रकही सांगते.

२५/
आता पहिल्या पोस्टमधल्या त्या ३८.६ कडे पुन्हा पाहावे. तो आकडा उमटला तेव्हा कोठेही धूर निघाला नाही, कोणताही दिवा लाल झाला नाही. संदर्भ चुकला की यंत्र बंद पडत नाही; ते त्याच आत्मविश्वासाने चुकीचे बोलत राहते. १८५८ ची तार निदान मुकी झाली, म्हणून चौकशी तरी झाली. ताप मोजणारे यंत्र, बॅटरीचा भार सांगणारा मीटर किंवा दुधाच्या टाकीचे तापमान पाहणारी पेटी असे मुके होत नाहीत.

२६/
म्हणूनच क्लार्क, सिजविक, वेस्टन आणि विडलर यांच्या कामात एक समान सूत्र दिसते. आधी स्वस्थ उभी राहणारी वस्तू शोधायची. मग ती नेमकी किती, हे प्रामाणिकपणे मोजून लिहून ठेवायचे. यांपैकी पहिले काम आज चिप आपल्यासाठी करून ठेवते. दुसरे अजूनही मोजणाऱ्याच्या हाती आहे. प्रोग्राममध्ये ‘५.०’ असे लिहिण्यापूर्वी मीटर लावून ते खरेच पाच आहेत का, हे पाहायला एक मिनिट पुरते.

(थ्रेड समाप्त)